मेनिस्कसच्या ऑपरेशननंतरची तेरा वर्षं

ऑपरेशन झाल्यावर घरी जाताना कागदांचा गठ्ठा हातात पडतो. एमआरआयची फिल्म, औषधांची यादी, पुढच्या तपासणीची तारीख. बहुतेक जण फिल्म जपून ठेवतात आणि ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने आत काय पाहिलं आणि काय केलं त्याची नोंद, हरवतात. खरं तर जपायची ती नोट. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गुडघा कसा वागेल याचा सगळ्यात चांगला अंदाज तिच्यातल्या दोन-तीन ओळींवरून येतो. कोणता मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधली कोणती गादी फाटली होती, आतली (दुसऱ्या पायाकडची) की बाहेरची. फाट कुठल्या भागात होती. किती कापून काढला, कडेला किती उरला. हाडांवरची कूर्चा, म्हणजे त्यांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, कोणत्या श्रेणीची दिसली. माझ्या नोटमध्ये लिहिलंय: आतला मेनिस्कस, मागचा भाग, सुमारे एक तृतीयांश काढला, बाहेरची कडा शाबूत, मांडीच्या हाडावरची कूर्चा दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे वरवर चिरा पडलेली पण हाड उघडं न पडलेली. या गोष्टीला तेरा वर्षं झाली. गुडघ्यात पुढे जे होत गेलं त्यातलं बरंचसं या एका ओळीत आधीच होतं.

ते का, हे कळायला मेनिस्कस करतो काय हे नीट समजून घ्यावं लागतं. मांडीचं हाड खालच्या टोकाला गोल असतं आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट जागेवर ठेवली की टेकण्याची जागा अगदी लहान राहते. या दोहोंमधल्या फटीत, कडेला जाड आणि सांध्याच्या मध्याकडे पातळ होत गेलेल्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पाचरी बसलेल्या असतात. वजन पडलं की पाचर बाहेर सरकू बघते. पण तिच्यातले कोलॅजनचे धागे पिंपाला बसवलेल्या कड्यासारखे गोलाकार गेलेले असतात आणि दोन्ही टोकं हाडात रुतलेली असतात, त्यामुळे ती सरकत नाही, ताणली जाते, आणि भार पसरतो. पाय सरळ असताना गुडघ्याच्या आतल्या बाजूचा, म्हणजे आतल्या कप्प्याचा, निम्मा आणि बाहेरच्या कप्प्याचा सुमारे ७० टक्के भार मेनिस्कसवरून खाली जातो. गुडघा ९० अंशांत वाकला की हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास पोचतं. मेनिस्कस पूर्ण काढला तर टेकण्याची जागा आक्रसते आणि कूर्चेवरचा दाब दुप्पट ते तिप्पट होतो.

म्हणून 'किती काढला' याच्या जोडीला 'कडा उरली का' हा प्रश्न येतो. आतली पातळ बाजू थोडी गेली तरी बाहेरचं कडं भार पेलत राहतं. कडं एका जागी आरपार तुटलं, तर बाकीचा मेनिस्कस जागेवर दिसत असूनही कामातून गेलेला असतो. रक्तपुरवठाही याच बाहेरच्या बाजूला असतो, साधारण बाहेरच्या पाव ते एक तृतीयांश भागात. तिथली फाट शिवली तर जुळण्याची आशा असते. आतल्या पांढऱ्या भागाला रक्त पोचत नाही, तिथली फाट आपली आपण भरून येत नाही.

ही समज यायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेनिस्कसला स्नायूचा निरुपयोगी अवशेष मानत असत आणि त्यानंतर कित्येक दशकं तो फाटला की सरसकट उपटून टाकत असत. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये ठरावीक बदल दाखवून दिले: मांडीच्या हाडाची कड बाहेर वाढलेली, गोलाई सपाट झालेली, सांध्याची फट अरुंद. पुढे स्वीडनमध्ये पूर्ण मेनिस्कस काढलेले १०७ गुडघे २१ वर्षांनी तपासले. त्यातल्या ४८ टक्के गुडघ्यांत झिजेचा संधिवात एक्स-रेवर स्पष्ट दिसला; त्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या लोकांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. १९९८ साली हे निष्कर्ष छापून आले. आता पूर्ण मेनिस्कस सहसा कोणी काढत नाही. खराब झालेला तेवढाच भाग काढायचा किंवा शिवायचा, अशी पद्धत आहे. पण दिशा तीच राहते: जेवढा जास्त गेला तेवढी झीज लवकर.

आता निर्णयाकडे येतो, कारण लांबचा परिणाम खरं तर तिथेच ठरतो. चाळिशीनंतर एमआरआयमध्ये 'मेनिस्कस फाटलाय' असं आलं की माणूस घाबरतो आणि तारीख घेऊन मोकळा होतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ३५ टक्के गुडघ्यांत मेनिस्कस फाटलेला किंवा नष्ट झालेला आढळला. आणि अशांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात त्या गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे या वयात फाट दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. दुखणं तिच्यामुळेच आहे असं गृहीत धरता येत नाही.

फिनलंडमध्ये याची फार कडक परीक्षा घेतली गेली. ३५ ते ६५ वयाचे, झिजेने मेनिस्कस फाटलेले पण संधिवात नसलेले १४६ रुग्ण. निम्म्यांचा फाटका भाग खरोखर काढला. उरलेल्यांना नुसती दुर्बीण घालून पाहिलं, अवजारं हलवली, आवाज केले, पण मेनिस्कसला हात लावला नाही. कोणाचं काय केलं ते रुग्णाला माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. पाच वर्षांनीही फरक नव्हता. उलट एक्स-रेवरची झीज कापलेल्या गटात किंचित जास्त होती. नॉर्वेत १४० रुग्णांमध्ये १२ आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नाही, आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत मांडीची ताकद व्यायाम करणाऱ्यांची जास्त वाढली. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली.

माझं स्पष्ट मत असं की झिजेची फाट असेल तर आधी तीन महिने नेमाने व्यायाम करावा. अर्धवट नव्हे, आठवड्यातून दोन-तीनदा, वजन वाढवत नेऊन. 'फिजिओ करून पाहिलं, उपयोग झाला नाही' असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा दोन आठवडे शेक घेतलेला असतो. शेकाने मांडीत ताकद येत नाही.

मात्र काही फाटींत थांबणं महागात पडतं, आणि त्या ओळखता यायला हव्यात. पहिली म्हणजे बादलीच्या कडीसारखी फाट. मेनिस्कसचा लांब पट्टा सुटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकतो आणि पाय पूर्ण सरळच होत नाही, शेवटचे १०-२० अंश जणू रबराचा तुकडा आडवा आल्यासारखा रोखला जातो. याला दिवसांत दाखवायचं, महिन्यांत नाही. मधूनमधून 'कट' होणं किंवा क्षणभर अडखळणं म्हणजे असं अडकणं नव्हे, हा फरक डॉक्टरांना नीट सांगा. दुसरी, मुळाशी तुटलेली फाट. पन्नाशीच्या आसपास पायरी उतरताना किंवा उकिडवं बसून उठताना मागच्या बाजूला 'टक्' असा आवाज येतो, आणि त्या दिवसापासून चालणं बदलतं. इथे कडं हाडातूनच सुटलेलं असतं. भाराच्या हिशेबात हे पूर्ण मेनिस्कस काढल्यासारखंच. एमआरआयमध्ये मेनिस्कस ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर सरकलेला दिसतो. कूर्चा चांगली असेल तर मूळ परत हाडाला बांधणं उपयोगाचं ठरतं; उशीर झाला की ती संधी जाते. तिसरी, तरुण गुडघ्यातली, रक्तपुरवठ्याच्या भागातली उभी फाट, विशेषतः सोबत एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला पुढचा स्नायुबंध, तुटलेलं असेल तर. ती शिवायची. कापण्यापेक्षा शिवण्याचा आग्रह रुग्णानेही धरावा, आणि ऑपरेशनच्या आधी सर्जनला सरळ विचारावं: आत गेल्यावर शिवता येण्यासारखी दिसली तर शिवणार का, त्याची सामग्री तयार असेल का? उत्तर 'हो' असेल तर पुढचे सहा आठवडे कसे जातील याची तयारीही आधीच करून ठेवावी लागते.

प्रत्यक्ष ऑपरेशनला अर्धा-पाऊण तास लागतो. वाटीच्या खालच्या स्नायुबंधाच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरपेक्षा लहान दोन छेद. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारं. सांधा सलाईनने फुगवलेला असतो. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर केला असेल तर समोरच्या पडद्यावर सगळं दिसू शकतं, आणि ते नक्की बघावं. निरोगी मेनिस्कस मोत्यासारखा पांढरा, धारदार कडेचा दिसतो. झिजलेला पिवळसर असतो, कडेला पाण्यात भिजलेल्या दोरीच्या टोकासारखे तंतू हलत असतात. सर्जन टोकाला आकडा असलेल्या बारीक सळईने ती कड उचलून बघतात. फाटका पदर आकड्याबरोबर सांध्यात ओढला येतो आणि सोडला की पुन्हा मागे सरकतो. मग चिमट्यासारख्या अवजाराने तांदळाच्या कणीएवढे तुकडे तोडले जातात, फिरत्या पात्याच्या नळीने ते शोषून घेतले जातात. शेवटी आकडा पुन्हा कडेवरून फिरवतात. कड गुळगुळीत उतरती व्हायला हवी. तिथे खाच राहिली तर पुढची फाट तिथूनच सुरू होते. चांगला सर्जन या शेवटच्या टप्प्यावर वेळ घालवतो आणि तरीही गरजेपेक्षा एक कणी जास्त काढत नाही.

ऑपरेशन लहान असलं तरी जोखीम शून्य नसते. इंग्लंडमधल्या जवळपास सात लाख अर्धवट मेनिस्कस काढण्याच्या ऑपरेशनांची नोंद तपासली, तेव्हा ९० दिवसांत गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण हजारी साधारण तीन निघालं. त्यात सांध्यात जंतुसंसर्ग आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे मुख्य. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोटरी एका बाजूला सुजली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक दम लागला तर फोनवर सल्ला विचारत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. गुडघा गरम, लाल, ताप, आणि थोडंही वाकवताना असह्य वेदना, हे जंतुसंसर्गाचं लक्षण. छेदाच्या बाजूला रुपयाएवढा बधिर भाग मात्र नेहमीचा. त्वचेची बारीक नस दुखावलेली असते. महिन्यांनी तो आक्रसतो, कधी कायम राहतो, त्रास काही नसतो.

पहिला आठवडा लोक सूज आणि दुखण्यात घालवतात. खरा धोका वेगळाच असतो. सांध्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो. अवघं २०-३० मिलिलिटर पाणी, म्हणजे चार-सहा चमचे, वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंद करायला पुरेसं असतं. दुखत नसलं तरी हे होतं. पाय उचलताना गुडघा किंचित वाकलेलाच राहतो, मांडी वर येते पण नडगी मागे पडते. असं होत असेल तर पाय उचलण्याचा व्यायाम करून फायदा नाही. आधी सूज उतरवायची आणि स्नायू जागा करायचा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली छोटी गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची. दहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. बोट वाटीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं की स्नायू फुगतो का ते कळतं. पहिल्या दिवशी तिथे नुसता कणकेचा गोळा लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बोटाला ढकलू लागतो. सोबत टाचेखाली उशी ठेवून गुडघा अधांतरी सोडून दहा मिनिटं पडून राहायचं, दिवसातून तीन-चारदा. शेवटचे पाच अंश सरळ न होणं ही या ऑपरेशनची सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने ती होते. तेव्हा आराम वाटतो, पण पाय वाकडाच आखडतो. मग चालताना स्नायू कधीच सैल पडत नाही आणि वाटीमागे दुखू लागतं.

सूज मोजायची एक सोपी रीत पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडते, म्हणून सविस्तर सांगतो. पाय सरळ ठेवून स्नायू पूर्ण सैल सोडा. तळहाताने वाटीच्या आतल्या बाजूने खालून वर दोन-तीनदा निपटा, म्हणजे तिथलं पाणी वर जाईल. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा निपटा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहा. तिथे लाट फुगून आली तर पाणी आहे. न निपटताच खळगा भरून आला तर जास्त आहे. काहीच हललं नाही तर गुडघा कोरडा. दुखण्यापेक्षा ही लाट खरी माहिती देते: कालचा व्यायाम किंवा कालचं चालणं जास्त झालं का, हे आज सकाळी ती सांगते.

नुसता भाग काढला असेल तर त्याच दिवसापासून सोसवेल तेवढं वजन टाकता येतं. कुबड्या दोन दिवस ते आठवडाभर, म्हणजे लंगडणं थांबेपर्यंत. लंगडत चालण्यापेक्षा दोन दिवस जास्त कुबडी बरी. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. गुडघा ११० अंश वाकला की स्थिर सायकल सुरू करावी, सीट उंच आणि वजन न लावता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून १० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, मग २०. सहा आठवड्यांनी माणूस ऑफिसला जातो, जिने चढतो, आणि 'बरा झालो' म्हणून व्यायाम सोडतो. लांबचा परिणाम बिघडवणारी ही दुसरी मोठी चूक. दुखणं थांबतं सहा आठवड्यांत, मांडीची ताकद भरून यायला सहा महिने आणि कित्येकांना त्याहून जास्त लागतात. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, दोन सेंटिमीटरचा फरक सहज सापडेल. ऑपरेशनने गुडघ्याचा एक धक्काशोषक आधीच लहान केलाय. दुसरा म्हणजे हा स्नायू. तोही कमकुवत राहिला तर प्रत्येक पावलाचा हिशेब कूर्चेला द्यावा लागतो.

ताकद वाढवायची तर वजन लागतं. लेग प्रेस किंवा खुर्चीवरून एका पायावर उठणं, आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. बारावी खेप सहज जमली तर वजन कमी आहे. दुखण्याचा नियम असा: शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं आणि ती लाट वाढलेली नसावी. पळणं सुरू करायच्या आधी एका पायावरच्या उडीचं अंतर दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवं. कॅलेंडरवर महिने मोजून पळू नये.

मेनिस्कस शिवला असेल तर वेळापत्रक पूर्ण वेगळं. चालताना गुडघ्याचा आधारपट्टा (ब्रेस) सरळ लॉक केलेला, वाकवणं ९० अंशांपर्यंतच, चार ते सहा आठवडे. मूळ हाडाला बांधलं असेल तर सहा आठवडे त्या पायावर वजनच टाकायचं नाही. चार महिने वजन घेऊन ९० अंशांच्या पुढे वाकायचं नाही: उकिडवं बसणं, मांडी घालणं, जड वस्तू उचलण्यासाठी खोल वाकणं सगळं बंद. कारण असं की खोल वाकलं की मांडीचं हाड मागे लोळतं आणि मेनिस्कसचा मागचा भाग, जिथे टाके असतात, दोन हाडांत चेपला जातो. शिवाय मांडीमागचा एक स्नायू आतल्या मेनिस्कसला मागून जोडलेला असतो, म्हणून टाच जोराने मागे ओढण्याचे व्यायामही सुरुवातीला टाळतात. पिळून वळण्याचे खेळ सहा महिन्यांनी. हे सगळं पाळूनही पाच वर्षांत पाचातली एक ते चारातली एक शिवण निकामी होते, आणि मग तो भाग काढावा लागतो. हा आकडा ऐकून शिवण्यावर फुली मारू नये. चारातले तीन जण आपला मेनिस्कस राखतात, आणि विशीतल्या माणसाला त्याच गुडघ्यावर पन्नास वर्षं काढायची असतात. धूम्रपानाने जुळण्याची शक्यता घटते, ते निदान त्या काळात तरी थांबवावं. अजून एक: शिवलेल्या मेनिस्कसच्या एमआरआयमध्ये पांढरी रेघ वर्षानुवर्षं दिसू शकते. 'पुन्हा फाटला' असा रिपोर्ट आला तरी गुडघा अडकत नसेल, सुजत नसेल, तर नुसत्या रेघेवरून ऑपरेशन ठरवू नये. शिवलेल्या फाटीत पाणी शिरलेलं दिसतंय का, हे रेडिओलॉजिस्टला विचारावं.

पहिलं ते पाचवं वर्ष बहुतेकांना सुखाचं जातं. गुडघ्याचा विसरही पडतो. आणि नेमक्या याच काळात करायची एक गोष्ट राहून जाते: आधाररेषेचा एक्स-रे, म्हणजे पुढच्या एक्स-रेंशी तुलना करायला ठेवायचा पहिला. झोपवून काढलेला एक्स-रे फसवतो, फट रुंद दिसते. उभ्याने, दोन्ही गुडघे ४५ अंश वाकवून, मागून पुढे किरण जाईल असा काढायला सांगावं. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्याची झीज मागच्या बाजूला सुरू होते आणि ती याच कोनात दिसते. सोबत एकदा कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले असतील आणि आतला मेनिस्कस काढला असेल, तर भाराची रेघ नेमकी त्या उघड्या कप्प्यातून जाते. अशा गुडघ्याकडे लक्ष लवकर आणि जास्त द्यावं लागतं.

बाहेरचा मेनिस्कस काढला असेल तर घाई आणखी. त्या बाजूला नडगीचा माथाही किंचित उंचवट्याचा असतो, म्हणजे दोन गोलाया एकमेकींवर टेकतात आणि मेनिस्कस गेला की दाब एका बिंदूवर येतो. तरुण खेळाडूंमध्ये बाहेरचा मेनिस्कस बराचसा काढल्यावर काही महिन्यांतच कूर्चा झडून गुडघा वारंवार सुजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दर सरावानंतर बाहेरच्या बाजूला सूज येत असेल तर 'सवय होईल' म्हणून पळत राहणं हा फार मोठा तोटा.

पाच ते पंधरा वर्षांच्या टप्प्यात त्रास परत येतो तेव्हा तो पूर्वीसारखा नसतो. आता 'टक्' होत नाही. लांब चालल्यावर सांध्याच्या आतल्या रेषेवर बोथट ठणका, सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेपण, जास्त उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी ती लाट. हे भाराचं दुखणं. यावर चालणं बंद करायचं नाही. एका दिवसाचं अंतर निम्मं करून आठवड्याचं एकूण हळूहळू परत वाढवायचं, आणि मांडीचा व्यायाम सोडला असेल तर पुन्हा धरायचा. वजन जास्त असेल तर इथे मिळणारा फायदा अन्य कशाने मिळत नाही: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पायऱ्यांवर वाटीमागे दुखत असेल तर सहसा मांडी कमकुवत झालेली असते. गुडघ्यामागे फुगीर गोळा वाटला तर सहसा आतलं पाणी मागे साठलेलं असतं. गोळा काढण्यापेक्षा पाणी का होतंय ते शोधावं.

एक दुखणं मात्र वेगळं ओळखावं. अचानक, एखाद्या दिवसापासून, पाय टेकवणंही नको वाटतं आणि रात्रीही दुखतं. एक्स-रे ठीक असतो म्हणून पेनकिलर देऊन परत पाठवलं जातं. कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, किंवा उरलेल्या मेनिस्कसचं मूळ तुटलेलं असू शकतं. एमआरआय लगेच करावा, आणि तोपर्यंत कुबड्या. तडा असेल तर वजन काढून घेतल्यावर काही आठवड्यांत भरून येऊ शकतो. तसंच चालत राहिलं तर हाड खचतं, आणि खचलेलं हाड वर येत नाही.

या टप्प्यावर 'पुन्हा दुर्बीण घालून साफ करून घेऊ' असा सल्ला मिळू शकतो. संधिवात सुरू झालेल्या गुडघ्यात धुण्या-खरवडण्याचा उपयोग नकली ऑपरेशनपेक्षा जास्त होत नाही, हे अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या प्रयोगातून २००२ सालीच दिसलं आहे. खरोखर नवा तुकडा अडकून गुडघा लॉक होत असेल तर गोष्ट वेगळी. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं, व्यायाम सुरू करायला तेवढी उसंत पुरते. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते देत राहिल्यावर कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं सलाईनच्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नाही, असं २०१७ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत आढळलं. म्हणून नेम लावून घेऊ नये.

मोठे उपाय तीन, आणि त्यांची वेळ वेगवेगळी. पाय वाकडा आणि एकच कप्पा झिजलेला असेल तर नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून कोन बदलतात, भाराची रेघ निरोगी कप्प्याकडे सरकवतात. हाड जुळायला महिने लागतात, पण स्वतःचा सांधा राहतो. तरुण माणसाचा मेनिस्कस जवळपास पूर्ण गेला असेल, दुखत असेल आणि कूर्चा अजून बरी असेल, तर दात्याच्या मेनिस्कसचं रोपण होतं. कूर्चा संपल्यावर ते करता येत नाही, वाकडा पाय आधी सरळ करावा लागतो. हे दोन्ही उपाय दुखणं अंगवळणी पाडून वर्षं काढल्यावर हातचे जातात, आणि मग अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलणं एवढंच उरतं. त्यामुळे पन्नाशीच्या आत महिन्यातून दोन-तीनदा तरी गुडघ्यात पाणी होत असेल, किंवा ४५ अंशांच्या एक्स-रेत फट मागच्या वेळेपेक्षा अरुंद झालेली दिसत असेल, तर गुडघा जपणाऱ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला तेव्हाच दाखवावं. सोबत दोन्ही एक्स-रे, आणि ती ऑपरेशन नोट.